चुन्याची सरळ रेघ

करडई काढायची ती दव आहे तोवर. पहाटेच्या ओलीनं काटे मऊ राहतात. ऊन चढलं की तेच काटे सुईसारखे होतात. परवा जळकोटच्या रस्त्यानं जाताना एका रानात बायका हाताला फडकी गुंडाळून करडई काढत होत्या. गाडीची काच खाली होती. तो वास आत आला, हिरवट, तेलकट, जरासा कडू, आणि मला कळलं की सुगी आली.

नुसतं कळलं. पुढे काही झालं नाही.

पूर्वी असं नव्हतं. सुगीचा वास आला की माझ्या अंगात काहीतरी सळसळायचं. सुगी म्हणजे लोकांच्या घरात धान्य, घरात धान्य म्हणजे लग्नं, आणि लग्नं म्हणजे माझा धंदा. माघ-फाल्गुनात मी कॅमेऱ्याच्या बॅगा पुसून ठेवायचो, ड्रोनची पाती तपासायचो, आणि येणाऱ्या प्रत्येक वरबापाशी अशी घासाघीस करायचो की तो उठताना हात जोडायचा. यंदा बॅगा पुसल्या. पाती तपासली. हात आपोआप करतात सगळं. भूल दिलेल्या दातावर जीभ फिरवावी तसं चाललंय. दात आहे, पण आपला नाही.

दोन वर्षांपूर्वीची सुगी तेवढी मला अजून स्पष्ट दिसते. ती वरून दिसते, हीच अडचण आहे.

मी किल्लारीचा. भूकंपानंतर जे नवं गाव वसलं त्यात माझा जन्म. जुनं गाव मला माहीत आहे ते बाभळीत दडलेल्या दगडांच्या राशींपुरतं. नव्या गावात सगळं सरळ होतं. सरळ रस्ते, सारखी घरं, प्रत्येक घराला आकडा. म्हातारी माणसं कुरकुरायची की कोपऱ्यावर वळण नाही, बसायला पार नाही, गाव आहे का वही. मला मात्र ते आवडायचं. सरळ म्हणजे पक्कं, सरळ म्हणजे न पडणारं, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं असावं. पुढे औशाला एका फोटो स्टुडिओत झाडू मारायला लागलो. फोटो कापायची जबाबदारी मिळाली तेव्हा माझी कड कधी तिरकी गेली नाही. मालक म्हणायचा, पोराच्या हातात पट्टी आहे. त्या हातावर मी लातूरला स्वतःचं दुकान टाकलं. कुणी दिलं नाही. जे घेतलं ते घासून, भांडून, प्रसंगी ओरडून घेतलं. माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. आवाज चढवल्याशिवाय माझ्यासारख्याला कुणी खुर्ची दिली असती, हे मात्र मला कुणी पटवून दिलेलं नाही.

तर ती सुगी. पर्यटनाचा आराखडा बनवणाऱ्या एका कंपनीनं मला बोलावलं. जळकोटच्या पुढं डोंगरात एक गड आहे. बस खालच्या वाडीपर्यंत जाते, तीही दिवसातून एकदा. वर तटाची अर्धी पडलेली भिंत, एक दरवाजा, महादेवाचं बुटकं देऊळ, एक विहीर आणि उगवतीकडं एक रुंद बुरूज. कंपनीला त्या गडाचा सगळा घेर एका फोटोत हवा होता. चारी दिशा, खालचं खोरं, वरचं आकाश. बोट फिरवलं की बघणारा जागच्या जागी फिरेल असा फोटो. परवानगीचे कागद त्यांनी काढून ठेवले होते. "तुम्ही फक्त उडवा," कंपनीचे साहेब म्हणाले. मी भाव सांगितला, त्यांनी तोंड वाकडं केलं, मी उठलो, त्यांनी बसवलं. नेहमीचंच.

पहिल्या दिवशी मी गडावर पोचलो तेव्हा कोवळं ऊन बुरुजावर पडलं होतं आणि बुरुजावर खळं होतं. मी चमकलो. शेणानं सारवलेला गोल, मध्ये ज्वारीची बडवलेली कणसं, एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या आणि कडेला एक उंच तिपाई. एके काळी जिथं तोफ ठेवत असतील तिथं एक बाई उकिडवी बसून रास सारखी करत होती. पन्नाशीची, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाचा करंडा. नाव मथुराबाई. गडाच्या आतलं दोन-तीन एकर रान त्यांच्या घराच्या वहिवाटीचं. नवऱ्याच्या, म्हणजे त्र्यंबकमामांच्या, आज्यापासून ते कसत आलेले. देवळाचा दिवाबत्तीचा जिम्माही त्यांच्याचकडे. घर खाली वाडीत होतं, पण सुगीभर मुक्काम वरच. बुरुजावर खळं कशासाठी, तर वाऱ्यासाठी. खोऱ्यातून येणारा वारा तिथं येऊन धडकतो. उपणायला त्याच्यासारखी जागा पंचक्रोशीत नाही.

मलाही बुरूजच हवा होता. दुसरीकडं कुठं सपाट जागा नव्हती, आणि झाडांच्या फांद्या आड येत होत्या.

"मावशी, दोन तास बुरूज मोकळा करून द्या."

"दोन तास? अन् माझी रास काय तुमच्या डोक्यावर घालू?"

"रास राहू द्या. झाकून घ्या फक्त. कोंडा उडाला की यंत्रात जातो."

"तुमच्या यंत्राला कोंड्याचं भेव, आमाला तुमच्या यंत्राचं. म्हशीनं दूध चोरलं तर?"

"म्हशीला वर बघायला कोण सांगतंय?"

त्र्यंबकमामा कडब्याच्या आडून हसले. ते फार बोलायचे नाहीत; बायको बोलते तेवढं दोघांना पुरतं, असा त्यांचा चेहरा.

"वारा दहाला सुटतो," मथुराबाई म्हणाली. "दहापत्तोर तुमचं. दहा वाजता माझं टोपलं वर जाणार. मग तुमचं पाखरू खाली असो का वर, मी बगणार न्हाई."

मलाही वारा नको होता. म्हणजे सौदा दोघांच्या सोयीचा होता. पण सोयीचा आहे हे दाखवलं तर तो सौदा कसला? मी म्हणालो साडेदहा. ती म्हणाली साडेनऊ. शेवटी दहावरच आलो, जिथं पहिल्यांदा होतो. मला ती बाई आवडली, हे आज सांगायला हरकत नाही. इतक्या वर्षांत मला माझ्या तोलाचं माणूस भेटलं ते बुरुजावर, हातात सूप घेऊन.

"अन् आमाला काय?" तिनं विचारलं.

"फोटो देतो. मोठा, चौकट करून."

"कशाचा?"

"गडाचा."

"गड रोजच बगून राहिलो की. भिंतीला लावून काय करू? माझं रान दिसलं पायजे त्यात. माझं खळं, माझी म्हैस. माझ्या जावंला दिसू द्या, आमी वर काय करून राहिलो ते."

असा फोटो कसा निघतो ते थोडं सांगायला हवं. ड्रोन हवेत एका जागी उभं करायचं. मग त्याला जरा जरा फिरवत, मान वर-खाली करत, एकामागं एक फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा काही भाग आला पाहिजे, नाहीतर जोड बसत नाही. नंतर कॉम्प्युटरवर ते सगळे शिवायचे, गोधडीसारखे. टाका दिसला तर काम कच्चं. या सगळ्या वेळात खाली कुणी हलायचं नाही. हललं तर तो माणूस दोनदा येतो, नाहीतर अर्धाच येतो. पहिल्या चाचणीत मथुराबाईच्या म्हशीला दोन तोंडं आली. ते बघून ती इतकी हसली की पदर तोंडाला लावून खाली बसली. "दोनी तोंडानं खाईल अन् एकाच सडानं दिईल," म्हणाली.

पण मग ती पडद्यावर वाकून बघायला लागली. बोटानं काच न शिवता, बोट वरच्या वर फिरवत.

"माझं रान कुठंय?"

ते दिसत नव्हतं. ज्वारी निघाली होती. कापलेल्या रानाचा रंग आणि गडावरच्या वाळल्या गवताचा रंग एकच. वरून बघितलं तर सगळं एक पिवळट कातडं. कुठं कुणाचं संपतं आणि कुठं गडाचं सुरू होतं, हे ड्रोनला कळत नव्हतं. त्यांना मात्र अंधारातही कळायचं.

त्या पिवळटात एकच गोष्ट झळझळीत दिसत होती. राशीभोवतीची राखेची रेघ. आपल्याकडं रास झाली की तिच्या भोवती राख ओढतात. त्या रेघेच्या आत कुणी पाय टाकत नाही, बोलणारेही हळू बोलतात. ती पांढरट गोल रेघ वरून अशी उठून आली होती की मला लगेच सुचलं. देवळाच्या ओसरीत चुन्याची गोणी होती. महाशिवरात्र तोंडावर आली होती, देऊळ पांढरं करायचं होतं.

"रानाच्या कडेनं चुना टाकू. वरून एकदम खुलून दिसेल."

"देवाचा चुना रानाला? न्हाई."

"गोणी मी आणून देतो दुसरी."

"गोणीचं न्हाई ओ दादा. अशी रेघ राशीला घालत्यात. रानाला कोण घालतं?"

गोणी मी दुसऱ्या दिवशी आणून दिली. तेवढं इमान माझ्यात आहे. पण त्या वेळी मी चुना टाकायला लावलाच. त्र्यंबकमामांनी टोपल्यानं चुना सोडत बांधाबांधानं रेघ ओढली. मी ड्रोन वर पाठवलं आणि बघितलं. रेघ वेडीवाकडी. बांध जसा होता तशी ती होती: इथं दगडाच्या ढिगाला वळसा, तिथं लिंबाच्या झाडाशी आत शिरलेली, पुढं परत बाहेर. वरून ती पावसात भिजून पडलेल्या दोरीसारखी दिसत होती. माझ्या फोटोत, माझ्या हातून, अशी रेघ? मी त्र्यंबकमामांना दोरी आणायला लावली. लिंबाचं झाड आत घेऊन, थेट पडक्या तटापर्यंत, एका दमात सरळ.

"दादा," मथुराबाई म्हणाली, "तिकडं आमचं न्हाई. लिंबापत्तोरच हाय आमचं. पलीकडं गडाचं हाय."

"फोटोपुरतं हो. पावसात धुऊन जाईल."

"लोकं काय म्हनतील?"

"वरून कोण बघतंय?"

असं म्हणालो मी. वरून बघायचेच पैसे घेणारा माणूस.

ती तरी दोरीच्या आड उभी राहिली. घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते, वाऱ्याची पहिली झुळूक गवतातून फिरून गेली होती. माझा आवाज चढला. तुम्हाला फोटो पाहिजे का नको? नको तर सांगा, मी निघतो, माझं काम गडाचं आहे, तुमच्या म्हशीचं नाही. यापेक्षा वाईटही काही बोललो असेन. देवळातली पारवी उडाली, हे आठवतं. मथुराबाई बाजूला झाली. मला वाटलं, सौदा जिंकला.

रेघ पडली. सरळ. मी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, म्हशीच्या पुढं पेंढी टाकली, आणि ड्रोन वर नेलं. त्या दिवशीसारखं आकाश मला परत मिळालं नाही. खोऱ्यात पळस पेटलेला, दूर तळ्याचा एक तुकडा, डोंगराच्या घड्यांवर घड्या, मध्ये हा गड, आणि गडाच्या आत ती स्वच्छ पांढरी चौकट. एक टाका दिसला नाही. दहाला पाच कमी असताना मी ड्रोन उतरवलं. दहा वाजता वारा आला. तिपाईवर चढून मथुराबाईनं टोपलं डोक्यावर धरलं आणि कलतं केलं. दाणे सरळ खाली पडत होते आणि कोंडा तिरका उडून तटापलीकडं खोऱ्यात जात होता. मला निघायचं होतं, पण मी अर्धा तास तिथंच बसलो. नाकातोंडात कोंडा. तिनं वरून ओरडून विचारलं, "आता न्हाई भ्यालं का यंत्र?"

ती सुगी म्हटली की मला हा अर्धा तास आठवतो. पुढचं आठवायला लागत नाही, ते आहेच.

तो फोटो आराखड्याच्या मुखपृष्ठावर छापला गेला. माझं नाव कुठंही नव्हतं. मी कंपनीच्या साहेबांशी त्या नावासाठी दोन महिने भांडलो. फोन, चकरा, आवाज. सगळं केलं. नाव म्हणजे माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. औशाच्या स्टुडिओत मी काढलेल्या फोटोंवरही मालकाचाच शिक्का असायचा. तर मी इकडं माझ्या नावासाठी भांडत होतो, आणि त्याच दोन महिन्यांत तिकडं वाडीत, गड ज्यांच्या ताब्यात आहे त्या सरकारी ऑफिसची नोटीस गेली होती.

मला ते त्र्यंबकमामांच्या फोनवरून कळलं. पहिल्यांदाच ते इतकं बोलले.

"भाऊ, नोटिशीला तुमचा फोटो लावलाय. रेघंवर लाल पेनानं मारलंय. म्हनत्यात, यंदा नवी हद्द आखून गडाची जागा दाबली. आजवर कुणी काई म्हनत नव्हतं. आता म्हनत्यात, तुमीच आखली, हे बगा फोटो. ती तटाकडची पट्टी धरून बसलेत. एकदा ती लबाडी ठरली की मंग बाकीचं रानबी लबाडीचंच ठरतंय. तुमी एवढं लिहून द्या, रेघ फोटोसाठी होती. बास."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, मामा, माझं काम फोटो काढायचं, कागदात मी कशाला येऊ. फोटो खोटा आहे का? रेघ होती, ती आली. मी हे अगदी ठामपणे म्हणालो, कारण ते खरं होतं. दुसरंही एक खरं होतं. साहेबांनी आणखी काही गडांचं काम मला द्यायचं कबूल केलं होतं, आणि लिहून दिलं असतं तर ते गेलं असतं. हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनीही ताणलं नाही. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या घरातलं भांडण्याचं खातं दुसऱ्या माणसाकडं होतं, आणि त्या माणसानं मला फोन केला नाही.

गडाच्या दरवाजाला कुलूप लागलं. निकाल लागेपर्यंत आत पेरायचं नाही, असं ठरलं. पहिलं वर्ष कोरडं गेलं.

जळकोट भागात माझं नाव झालं ते असं. मुखपृष्ठावर नाही, चहाच्या टपऱ्यांवर. एका लग्नात, हळदीच्या वेळी, मी ड्रोन काढलं तेव्हा नवऱ्याच्या मामानं मोठ्यानं म्हटलं, "ओ, ह्याला वरून काढू देऊ नका. उद्या घर जाईल." मांडव हसला. मी त्याची कॉलर धरली. चार जणांनी सोडवलं. माझ्या बोटांना त्याच्या अंगावरची हळद लागली होती, ती दोन दिवस निघाली नाही. मला त्या वेळी जे वाटलं तो राग होता. तो बहुतेक शेवटचा. त्यानंतर आतून एक-एक दिवा मालवत जावा तसं झालं. गिऱ्हाईक पहिला भाव सांगायचं आणि मी "बरं" म्हणायचो. सुनीता, माझी बायको, दुकानात बसते, तिनं एकदा बिलबुक मिटत विचारलं, "तुम्हाला राग नक्की कुणाचा येतो?" मी म्हणालो, सगळ्यांचा. कंपनीनं फसवलं, ऑफिसनं फोटोचा भलताच अर्थ काढला, गावानं मला विकाऊ ठरवलं, आणि माझ्याकडून काय झालं, तर मी एक सरळ रेघ ओढायला सांगितली. "मग तेच सांगा की त्यांना," ती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली. ती तशीच बोलते. जाता जाता.

गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. गडाचा फोटो परत काढायचा आहे. आता आत स्वच्छता झाली आहे, तसा फोटो हवा. मी दुप्पट भाव सांगितला. ते लगेच हो म्हणाले. आयुष्यभर ज्या क्षणासाठी घासाघीस केली तो क्षण असा आला आणि मला पाण्याचा घोट घेतल्यासारखं वाटलं, तेही तहान नसताना.

परवा त्यासाठीच चाललो होतो. करडईचा वास आला तो तेव्हाच. पुढं एका रानात मळणीयंत्र चालू होतं, धुरळ्याचा खांब उभा होता. मी काच वर घेतली. लातूरपासून मी वाक्यं जुळवत होतो. मथुराबाई भेटली, आणि ती भेटणारच, तर काय बोलायचं. तिनं शिव्या दिल्या तर काय. रडली तर काय. प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं, आणि सगळी उत्तरं बरोबर होती.

ती घराच्या पुढ्यात चाळण घेऊन बसली होती. खालच्या तुकड्यातली थोडी ज्वारी. चाळणीत खडे जास्त. तिनं वर बघितलं.

"आलात? पाणी घ्या."

मी पाणी घेतलं. त्र्यंबकमामा आतून आले, भिंतीला टेकून बसले.

"आज परत वरून?" तिनं विचारलं.

"हाव."

"आता काय काढनार? काईच न्हाई तिथं."

"तेच पाहिजे त्यांना."

ती चाळत राहिली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. मी वाट बघत होतो. तिनं एक तरी शब्द वाकडा बोलावा म्हणजे माझी वाक्यं सुरू होतील. तिनं माझ्याकडं बघणंसुद्धा सोडलं होतं. चाळण जास्त महत्त्वाची होती. एके काळी हिनं अर्ध्या तासासाठी माझ्याशी बुरूज डोक्यावर घेतला होता.

मग मी गाडीतून दुकानाचा छापील कागद आणला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कळवळा वगैरे काही आला नव्हता. डोळे कोरडे होते, हात गार होते. बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं आणि त्र्यंबकमामांच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, शब्दाशब्दाला बोट ठेवत:

"गडाच्या आतील रानाभोवती दिसणारी चुन्याची रेघ माझ्या सांगण्यावरून, फक्त फोटोसाठी टाकण्यात आली होती."

मामांनी मान डोलावली. कागद घडी घालायला घेतला.

"थांबा," मथुराबाई म्हणाली. चाळण खाली ठेवली. "पुरं न्हाई ते."

"काय राहिलं?"

"मी न्हाई म्हनले होते. ते कुठंय त्यात?"

"मावशी, त्याची गरज नाही. एवढं बस झालं."

"कुणाला बस झालं? लिंबाच्या पलीकडं आमचं न्हाई, असं मी तुमाला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"मग लिहा."

"अहो, असं लिहिलं की सगळं माझ्यावर येतं!"

"आजपत्तोर कुणावर होतं?"

माझा आवाज चढायला लागला होता, मला ऐकू येत होतं. तुम्हाला कळतंय का, माझं काम जाईल. एवढं लिहून देतोय तेच खूप आहे. दुसऱ्या कुणी हेही दिलं नसतं. कानाची पाळी तापली. बऱ्याच दिवसांनी तापली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी ओरडत असताना माझ्याकडं तशीच बघत राहिली, बाजारात कुणी चढा भाव सांगताना बघावं तशी. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता लिहा."

मी कागद परत घेतला. खाली लिहिलं: "लिंबाच्या झाडापलीकडील जागा आमची नाही असे मथुराबाईंनी त्याच वेळी सांगितले होते. तरीही मी रेघ सरळ टाकायला लावली."

मामांनी वाचलं. तिनं ऐकलं. मला वाटलं, संपलं.

"अन् तुमी ओरडलात. देवळाम्होरं. त्ये बी लिहा."

"ते नाही लिहिणार."

खिशातला फोन वाजायला लागला होता. गडाच्या दरवाजाशी कुलूप उघडून कंपनीचा माणूस थांबला असणार. मी उचलला नाही. मथुराबाईनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत कागदाकडं. तिच्या ओठांची हालचाल मला ओळखीची वाटली. सौद्यात कुठं ताणायचं आणि कुठं सोडायचं, याचा अंदाज घेणारी.

"बरं, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तेवढं तुमचं तुमच्यापाशी."

मी सही केली.